‘टक्’चा बंदोबस्त

ऑसिलेटर हा संगणकाच्या पडद्यावरचा एक चौकोनी डबा असतो आणि गोल गोल फिरत राहणे हे त्याचे काम. कुणी ऐकत असो वा नसो, तो फिरतो. आवाजाची पट्टी शून्यावर ओढली म्हणून तो थांबत नाही, वायर उपटली म्हणून थांबत नाही, आणि वापरणारा जेवायला उठला म्हणून तर अजिबातच नाही. वापरणाऱ्याची मात्र ठाम समजूत असते की आपण कान टवकारले की डबा अदबीने ‘पहिल्यापासून’ सुरू होतो. पुढचा सगळा गोंधळ या समजुतीतून निघतो.

डबे मांडायचे आणि वायरींनी जोडायचे, अशा या चित्रमय प्रोग्रॅमिंगची प्रसिद्ध वंशावळ पॅरिसच्या इर्कॅम या संस्थेत सुरू होते. १९८०च्या दशकात तिथे मिलर पकेट यांनी ‘मॅक्स’ लिहिला आणि फिलिप मानुरी यांच्या १९८८ सालच्या ‘प्ल्युतों’ या पियानो-संगणकाच्या रचनेसाठी तो कामाला लागला. नाव दिले मॅक्स मॅथ्यूज यांचे. या मॅथ्यूजनी १९५७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये असताना खोलीभर पसरलेल्या यंत्राकडून १७ सेकंदांचे संगीत काढून घेतले होते. पकेट पुढे सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेले आणि १९९६ मध्ये त्यांनी ‘प्युअर डेटा’ हा मॅक्सचा धाकटा भाऊ जन्माला घातला. त्याला सगळे पीडी म्हणतात. मॅक्सला पैसे पडतात, पीडी मोफत आहे. त्यामुळे पीडीकडे येणाऱ्यांत दोन गट दिसतात : ज्यांना संगीताची तळमळ आहे ते, आणि ज्यांना ‘मोफत’ हा शब्द दिसला ते. दुसरा गट मोठा आहे.

‘मला कोडिंग येत नाही, पण हे तर चित्रच आहे,’ असे म्हणत माणूस यात पाऊल टाकतो. पहिल्या संध्याकाळी तीन डबे, दोन वायरी आणि एक सूर एवढा संसार असतो आणि तो नात्यातल्या प्रत्येकाला फोनवर ऐकवला जातो. आठवडाभरात पडद्यावर इतक्या वायरी होतात की मूळ सूर कोणत्या डब्यातून निघतो हे शोधायला एकेक वायर तोडून बघावी लागते. तोडलेली पुन्हा कुठे लावायची हे लिहून ठेवण्यासाठी पीडीत कॉमेंट नावाची सोय आहे. ती वापरलेली कुणाच्या पाहण्यात नाही.

फेज म्हणजे फेरीत आत्ता आपण नेमके कुठे आहोत ते सांगणारा आकडा. ० म्हणजे आरंभ, ०.२५ म्हणजे पाव फेरी, ०.५ म्हणजे अर्धी, आणि १ला पोहोचले की पुन्हा ०. जत्रेतल्या रहाटपाळण्याचा एकच पाळणा नजरेत धरून त्याची उंची कागदावर टिपत गेले तर जी रेघ उमटेल, ती ऑसिलेटरची लहर. इथपर्यंत सगळ्यांना समजते. घोटाळा पुढे आहे. पीडीतला ‘ऑस्क~’ हा डबा पाळणा तळाशी किंवा मधोमध असताना मोजायला लागत नाही, तो अगदी वरच्या टोकाला असताना लागतो. म्हणजे तो साइन नसून कोसाइन आहे. फेज शून्य दिली की बाहेर येतो १. स्वस्थ बसलेल्या स्पीकरच्या पडद्याला एकदम टोकावर जा म्हटले की तो जातो, पण ‘टक्’ असा निषेध नोंदवून.

या ‘टक्’ने फार संसारांत ढवळाढवळ केली आहे.

‘लायटर घेऊन गेलायस का रे खोलीत?’ स्वयंपाकघरातून विचारणा होते.

‘नाही गं आई, साइन वेव्ह आहे.’

‘काय असेल ते असू दे. लायटर आणून ठेव.’

उपाय सोपा आहे. सूर शून्यापासून वर चढत सुरू व्हायला हवा असेल तर ऑस्क~च्या उजव्या इनलेटला, म्हणजे आत जाणाऱ्या टोकाला, ०.७५ हा आकडा द्यावा, कारण पाऊण फेरीला कोसाइन शून्यावर असतो आणि वर निघालेला असतो. दहावीत त्रिकोणमिती ‘पुढे काही उपयोगाला येत नाही’ म्हणून सोडून दिलेला माणूस पंधरा वर्षांनी रात्री दीड वाजता याच ०.७५ पर्यंत पोहोचतो, तोही ०.१, ०.२, ०.३ अशी एकेक पायरी चढत.

फेज हवी तिथे नेता येते हे कळल्यावर ती सारखी नेण्याचा मोह होतो. सूर मधेच असताना फेजला उडी मारायला लावली की लहर तुटते आणि तुटल्याचा आवाज येतो, तोच मघाचा. शहाणा मार्ग असा : आधी आवाज पाच मिलिसेकंदांत शून्यावर उतरवावा, मग फेज बदलावी, मग आवाज पुन्हा चढवावा. पाच मिलिसेकंद म्हणजे पापणी लवायला लागतो त्याच्याही कितीतरी कमी वेळ. पण तेवढेही थांबायची कुणाची तयारी नसते. त्याऐवजी लोक नवे हेडफोन मागवतात आणि ते येईपर्यंत चार दिवस शांतपणे थांबतात.

त्यातून पीडी आवाज सुट्टा तळत नाही, ६४ आकड्यांचा एकेक घाणा काढतो. सेकंदाला ४४,१०० आकड्यांच्या दराने एक घाणा साधारण १.४५ मिलिसेकंदांचा होतो. फेज बदलण्याचा निरोप घाणा चालू असताना आला तर तो ऑस्क~पर्यंत लगेच पोहोचत नाही, पुढच्या घाण्यापर्यंत ताटकळतो. बहुतेकांना हा उशीर ऐकू येत नाही. काहींना येतो, किंवा येतो असे ते सांगतात. तालमीला पाऊण तास उशिरा येणारा कलावंत दीड मिलिसेकंदाच्या घसरणीवर तावातावाने बोलताना आढळतो. त्याच्यासाठी ‘व्हीलाइन~’ हा डबा आहे. तो घाण्याच्या मधल्याही क्षणी आकड्यांची चढण नेमकी सुरू करू शकतो. ती चढण कोसाइन काढणाऱ्या ‘कॉस~’ला जोडली की फेजची दोरी पूर्णपणे आपल्या हातात येते. तालमीच्या वेळेसाठी असा डबा अजून निघालेला नाही.

दोन ऑसिलेटर एकत्र आले की प्रकरण घरगुती होते. दोघांची कंपनसंख्या ४४०, दोघांचा जोर सारखा, फेजही एकच : आवाज दुप्पट. तेच दोघे अर्ध्या फेरीने मागेपुढे : एक वर जाताना दुसरा खाली, बेरीज शून्य, आवाज पूर्ण बंद. यातली मेख अशी की फेजला हात न लावताही ती बदलते. एकाची कंपनसंख्या ४४१ केली की दर सेकंदाला तो एका फेरीने पुढे सरकतो. अर्ध्या सेकंदाने ती पुन्हा ४४० केली तर वेग सारखा होतो, पण मधल्या काळात मिळवलेली अर्धी फेरी तो परत देत नाही.

‘आवाज गेला.’

‘काय बदललंस?’

‘काहीच नाही.’

‘म्हणजे नेमकं काय बदललंस?’

‘४४०चं ४४१ केलं नि लगेच परत ४४० केलं. झालं की नाही काहीच नाही?’

यानंतरची दिनचर्या ठरलेली आहे. हेडफोनची पिन काढून फुंकर मारली जाते. साउंड कार्डची वायर बदलली जाते. संगणक बंद करून चालू केला जातो, आणि खरोखरच आवाज परत येतो, कारण पॅच, म्हणजे डब्या-वायरींची ती मांडणी, नव्याने उघडल्यावर दोन्ही ऑसिलेटर पुन्हा एकाच फेजला सुरू होतात. वापरणारा श्रेय पिनेवर मारलेल्या फुंकरीला देतो आणि पुढे आयुष्यभर ती मारत राहतो. दोन्ही ऑसिलेटरांच्या उजव्या इनलेटला एकाच वेळी ० पाठवणे हा खरा उपाय. तो मदतीच्या पानावर दिलेला असतो आणि ते पान डब्यावर उजवी कळ दाबून ‘हेल्प’ निवडले की उघडते. तिथपर्यंत वेळ येण्याआधी सहसा नवे कार्ड आलेले असते.

‘एकाच वेळी’ हे शब्दही जपून घ्यावेत. निरोपाच्या वायरींना एकाच वेळी काही करता येत नाही, एकामागून एक करता येते. डब्याच्या बाहेरच्या टोकांतून निरोप उजवीकडून डावीकडे निघतात. पण एकाच टोकातून दोन वायरी निघाल्या असतील तर आधी कुणाचा नंबर? मॅक्सचे उत्तर : जो डबा पडद्यावर उजवीकडे असेल त्याचा. म्हणजे पॅच दिसायला नीट असावा म्हणून एखाद्याने डबा दोन बोटे डावीकडे सरकवला तर तालाचा क्रम बदलू शकतो. संगीताच्या इतिहासात आवराआवरीला एवढे महत्त्व आधी कधी मिळाले नसावे. पीडीचे उत्तर : जी वायर आधी जोडली असेल तिचा. हे पडद्यावर कुठेच दिसत नाही. दोन पॅच अगदी सारखे दिसतात, त्यातला एक नीट वाजतो, दुसरा आधी ध्वनिमुद्रित तुकडा वाजवतो आणि मग तो कुठून वाजवायचा याची चौकशी करतो. क्रम पक्का करणारा ‘ट्रिगर’ नावाचा डबा आहे. तो वापरणे म्हणजे आपल्या स्मरणशक्तीवर अविश्वास दाखवणे, अशी भावना असल्यामुळे लोक वायरी तोडून पुन्हा ‘बरोबर क्रमाने’ जोडतात, आणि मधेच दारावरची बेल वाजते.

आता सॅम्पल. ध्वनिमुद्रित केलेला तुकडा पीडीत ‘अॅरे’ नावाच्या आकड्यांच्या रांगेत ठेवतात. जगातल्या बहुतेक सगळ्या प्रयोगांचे पहिले सॅम्पल ‘हॅलो, हॅलो, चेक’ हे असते. पुढे आपण सतारीचा झाला किंवा समुद्राची गाज घेणार आहोत, असे प्रत्येकाच्या मनात असते. ते मनातच राहते.

नव्या अॅरेत मुळात १०० आकडे मावतात. फाइल भरताना ‘रिसाइझ’ हा शब्द घातला नाही तर ‘साउंडफाइलर’ हा डबा पहिले १०० आकडे भरतो आणि काम झाले म्हणून कळवतो. ४४,१००च्या दराने १०० आकडे म्हणजे २.२७ मिलिसेकंद. १९५७ साली खोलीएवढ्या यंत्रातून १७ सेकंद निघाले होते. आज मांडीवरच्या संगणकातून, रात्रभर जागून, ‘हॅलो’मधला ‘ह’सुद्धा पुरता निघत नाही. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर तेवढेही नाही. ‘माझा आवाज नवीन’ हे पीडीच्या लेखी तीन वेगळे शब्द आहेत आणि ‘माझा’ नावाची फाइल त्याला सापडत नाही. मग फाइलचे नाव ‘आवाज’ होते, त्याचे ‘आवाज२’, ‘आवाजफायनल’ आणि शेवटी ‘आवाजफायनलखरा’.

वाजवण्याचा सोपा डबा ‘टॅबप्ले~’. त्याला बँग, म्हणजे ‘चल’ एवढाच निरोप, दिला की तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवतो. आकडा दिला की त्या जागेपासून. इथे ‘दोन सेकंदांपासून वाजव’ या अर्थी माणूस २ टाइप करतो आणि काहीच फरक पडत नाही म्हणून ५ टाइप करतो, मग १०. टॅबप्ले~ इमानदारीने दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या आकड्यापासून वाजवत असतो. दोन सेकंद हवे असतील तर ८८,२०० लिहावे लागतात. आणखी एक गोष्ट तो करत नाही. फाइल कोणत्या दराने मुद्रित झाली आहे याची विचारपूस त्याच्या स्वभावात नाही. सेकंदाला ४८,००० आकड्यांची फाइल ४४,१००च्या पॅचमध्ये घातली की ती सुमारे ८ टक्के संथ होते आणि जवळजवळ दीड सेमिटोन खाली उतरते. पांढरी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी तीन आणि काळी दोन यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते. पेटीवाल्याला तिथे बोट ठेवायला जागा नाही. ‘आज बाईंचा आवाज बसलाय वाटतं,’ असे तो म्हणतो, आणि बाई तिकडे घरी ठणठणीत असतात.

वेग, दिशा आणि सुरुवात हे सगळे हातात हवे असेल तर सॅम्पल फेजच्या ताब्यात द्यावे लागते. ‘फेझर~’ हा डबा ० ते १ चढतो, धपकन ०वर येतो आणि पुन्हा चढतो. म्हणजे तो उघडी वागडी फेजच आहे, तिच्यावर ‘कॉस~’चे कपडे चढवले की ऑस्क~ होतो. फेझर~च्या आकड्याला सॅम्पलच्या लांबीने गुणून ‘टॅबरीड४~’ला दिले की तो त्या त्या जागचा आकडा वाचतो, आणि जागा दोन आकड्यांच्या मधली असेल तर आजूबाजूचे चार आकडे पाहून मधला अंदाज काढतो. ८८,२०० आकड्यांचे सॅम्पल मूळ वेगाने वाजवायला फेझर~ला ४४,१०० भागिले ८८,२००, म्हणजे ०.५ ही कंपनसंख्या द्यावी. १ दिली की वेग दुप्पट आणि सूर एक सप्तक वर. उणे ०.५ दिली की सॅम्पल उलटे. ही सोय सापडल्यावर निदान एक रविवार दुसरे काही होत नाही.

‘पाहुणे आलेत का रे? कुठल्या भाषेत बोलतायत?’

‘माझाच आवाज आहे आई, उलटा.’

‘सरळ असतो तेव्हा तरी कुठे कळतो!’

उलट्याचे कौतुक ओसरले की ‘बटण दाबल्यावर पहिल्यापासून’ ही जुनी मागणी पुन्हा पुढे येते. माणूस बँग थेट फेझर~च्या उजव्या इनलेटला जोडतो. कन्सोलवर लाल अक्षरात तक्रार येते : इथे आकडा अपेक्षित होता, आला बँग. मधे ० लिहिलेला मेसेजचा डबा घातला की भागते. सॅम्पल पहिल्यापासून वाजते, संपते, पुन्हा वाजते, पुन्हा संपते, पुन्हा वाजते. कारण फेझर~ला फेरी माहीत आहे, शेवट माहीत नाही. थांबवण्यासाठी कंपनसंख्या ० केली तर वाचनाची जागा जिथल्या तिथे गोठते आणि तिथला एकच आकडा अखंड बाहेर येत राहतो. ऐकू काही येत नाही, पण स्पीकरचा पडदा ताणलेल्या अवस्थेत बसतो आणि आवाजाची पट्टी झटक्यात हलवली की परिचित ‘टक्’. एकदाच वाजवायचे असेल तर फेझर~चा नाद सोडून व्हीलाइन~ला ‘०, ८८२०० २०००’ असा निरोप द्यावा : शून्यावर ये, दोन हजार मिलिसेकंदांत ८८,२००ला पोहोच, आणि थांब. एवढे सरळ उत्तर कुणाला पटत नाही. लोक फेझर~ ठेवतात आणि त्याला फेरी संपल्यावर अडवणारे सतरा डबे जोडतात.

सॅम्पल मुद्दाम पुन्हा पुन्हा वाजवायचे असेल तर शेवटचा आकडा आणि पहिला आकडा एकमेकांना मिळत नाहीत, आणि सांध्यावर दर फेरीला ठिणगी पडते. यावर तोडगा खिडकीचा : प्रत्येक फेरीत आवाज शून्यातून वर न्यायचा आणि शेवटाआधी शून्यावर आणायचा. सांधा त्या शून्याखाली झाकला जातो. पण मग तानपुऱ्याचा अखंड सूर दर दोन सेकंदांनी खोल श्वास घेऊ लागतो. तो भरून काढायला तेच सॅम्पल आणखी एकदा, अर्ध्या फेरीने मागे वाजवतात. एकाची खिडकी मिटत असते तेव्हा दुसऱ्याची उघडत असते, आणि वर उचललेल्या कोसाइनच्या दोन खिडक्यांची बेरीज प्रत्येक क्षणी बरोबर १ भरते. हे या विषयातले सर्वांत देखणे गणित. ते बिघडवण्याची रीतही ठरलेली आहे : दोन वेगळे फेझर~ घ्यायचे, दोघांना वेगवेगळ्या वेळी सुरू करायचे आणि वेग बदलायला दोन वेगळ्या पट्ट्या ठेवायच्या. ४४०-४४१च्या जोडप्याचे झाले तेच यांचे होते. फेझर~ एकच असावा. त्याच्या आकड्यात ०.५ मिळवावे, ‘रॅप~’ने पूर्णांकाचा भाग छाटावा, की अर्ध्या फेरीने मागचा जोडीदार तयार. तो चुकायचा म्हटला तरी चुकू शकत नाही. लोकांना तो याच कारणाने थोडा संशयास्पद वाटतो.

एवढे जमल्यावर महत्त्वाकांक्षा वाढते आणि संपूर्ण मैफलच अॅरेत घालण्याचा बेत होतो. नेहमीचा पीडी ३२ बिटांचे आकडे वापरतो आणि त्यांत १,६७,७७,२१६ पर्यंतचे पूर्णांकच एकेक करून अचूक मोजता येतात. ४४,१००च्या दराने ही मजल ६ मिनिटे २० सेकंदांची. त्यापुढे टॅबरीड४~ला प्रत्येक आकड्याची वेगळी जागा सांगताच येत नाही, आणि दोन आकड्यांमधल्या जागांची बारीक मोजणी तर त्याच्या बरीच आधी भरड होऊ लागते. राग जसजसा रंगत जातो तसतसा आवाज खरखरीत होतो. ‘जुनी रेकॉर्डिंग अशीच असायची,’ असा निर्वाळा देणारे एखादे काका तिथे हजर असतातच.

टॅबरीड४~च्या उजव्या इनलेटला मोठी उडी वेगळी सांगून ही अडचण सोडवता येते. पण मैफल सरळच ऐकायची असेल तर अॅरेची गरजच नाही. ‘रीडएसएफ~’ हा डबा फाइल डिस्कवरून लागेल तशी वाचत जातो. त्याला आधी ‘ओपन’ म्हणायचे, फाइल उघडायला क्षणभर उसंत द्यायची आणि मग १ पाठवायचा. उलटे वाजवणे त्याला जमत नाही, आणि दुसऱ्यांदा ऐकायचे तर फाइल पुन्हा उघडावी लागते. ती संपली की त्याच्या सर्वांत उजव्या टोकातून एक बँग बाहेर पडतो. बहुतेक पॅचमध्ये त्या टोकाला काहीही जोडलेले नसते.